कढत नळी, गार हौद

३ मार्च

ताई,

पोचलो. फोन करत नाही याचं कारण फोन हौदात आहे. आल्या आल्या, पाठीवरची पिशवीसुद्धा उतरवू न देता, मामांनी मला मागच्या अंगणात नेलं. "वाक, अजून वाक, तळाची फरशी बघ," म्हणाले. मी वाकलो आणि वरच्या खिशातून फोन सुळकन आत गेला. फरशी खरंच स्पष्ट दिसते, आता फोनसकट. काढायला कोणी उतरत नाही. मी पायाचा अंगठा बुडवून पाहिला, तर तो माझाच आहे हे पटायला संध्याकाळ झाली.

घरच्या फोनवरून बोललो असतो, पण तुझ्या बाबांची सवय तुला माहीत आहे. स्पीकर लावतात, शेजारी खुर्ची ओढतात आणि आपण बोलत असताना मधूनमधून "चूक" म्हणतात. म्हणून पत्र. टपालपेटी गल्लीच्या टोकाला आहे, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते. मामी भाजी चिरताना एकटक तिकडे बघत असते. मी विचारलं काय बघतेस, तर म्हणाली, "तिथवर एकटीनं गेले की मी बरी झाले असं समजणार आहे. सध्या फाटकापर्यंत गेले तरी शेजारीण टाळ्या वाजवते, मेली."

बाकी घर छान आहे. मला गॅरेजच्या वरची खोली दिली आहे. खोलीत एक जुनं शिवणयंत्र, तीन मोडक्या छत्र्या आणि मामांना निवृत्त होताना मिळालेला पितळी नळ, लाकडी फळीवर बसवलेला. नळातून पाणी येत नाही, पण मामा त्याला रोज पुसतात.

हौदाला हौद म्हटलेलं त्यांना चालत नाही. "जलतरण तलाव म्हण," म्हणाले. मी म्हटलं, "मामा, जलतरण कोण करतं यात?" तर म्हणाले, "प्रश्न तो नाहीये." मग प्रश्न काय आहे ते संध्याकाळी कळलं. साडू आले. तुझे फरशीवाले काका. त्यांच्यासाठी हौदाच्या काठाला दोन खुर्च्या, पाण्यात दिवा, चहा. दोघं तासभर पाण्याकडे बघत बसले. साडू म्हणाले, आमच्याकडे लिफ्ट आहे. मामा म्हणाले, आमच्याकडे पाणी आहे. एवढंच बोलणं, पण किती वेळ चाललं.

तू म्हणतेस ते हौदाचं पाणी सूर्यावर तापवायचं काम मला येतं. समुद्रकाठच्या त्या हॉटेलात एक हंगाम मी दुसरं काय केलं? काळजी करू नकोस.

तुझा
भिंगरी


११ मार्च

भिंगरी,

"काळजी करू नकोस" हे वाक्य तुझ्या पत्रात दिसलं की मला दाढ ठणकल्यासारखं होतं, आणि मी दाढांचीच डॉक्टर आहे. तू मागे माझ्या दवाखान्याचा दरवाजा रंगवायला घेतला होतास. अजून तो अर्धा निळा आहे. पेशंट विचारतात, ही फॅशन आहे का.

तेव्हा नीट वाच. मध्येच उठून कुत्र्यामागे जाऊ नकोस.

आईच्या गुडघ्याची वाटी बदलून झाली, आता तो वळला पाहिजे. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, उन्हाळा संपेपर्यंत वळला तर वळला, नाहीतर पुन्हा भूल देऊन वळवावा लागेल. आणि आईनं सांगितलंय की ती पुन्हा त्या टेबलावर जाणार नाही. कोरड्या जमिनीवर तिला दुखतं. कोमट पाण्यात, छातीपर्यंत उभं राहून, रोज चालायचं. एवढंच औषध आहे. गावातला तलाव लांब आहे आणि पाय सरळ ठेवून तिला गाडीत बसता येत नाही. मी विजेचा हीटर पाठवते म्हटलं तर बाबांनी विजेच्या बिलाचं नाव ऐकूनच घाम पुसला. तो घाम तलावात पडला असता तरी पाणी तापलं असतं.

म्हणून तू. काळा पाईप छपरावर टाक. फिल्टरचा पंप आहेच, त्यातून पाणी वर चढव, उन्हातून फिरव, खाली सोड. आणि वर झाकण. झाकण विसरू नकोस. तूच मला एकदा सांगितलं होतंस की उघडं पाणी तापवणं म्हणजे दार उघडं ठेवून शेकोटी करणं. तुझ्या तोंडून निघालेलं ते एकमेव शहाणं वाक्य, म्हणून लक्षात राहिलं.

मला तापमानं नकोत, फोटो नकोत. आई पाण्यात उतरली, हे एक वाक्य पाहिजे.

ताई


२३ मार्च

ताई,

झालं! गॅरेजच्या पत्र्यावर काळ्या पाईपची वेटोळी अशी बसवली आहेत की खालून बघितलं तर वाटतं एखादा अजगर जेवून झोपलाय. खर्च काहीच नाही म्हण. पंप होता, पत्रा होता, पाईप एका नर्सरीवाल्यानं जुना दिला, आणि उन्हाची पावती कोणी मागत नाही. या घरात सूर्याचा पहिला फायदा शेजारच्या मांजरीला झाला. ती सकाळपासून पाईपवर पसरते आणि मामा खालून तिला "अनधिकृत, अनधिकृत" म्हणून ओरडतात.

छपरावर काम करायला मजा आली. तिथून गावापलीकडचा डोंगर दिसतो आणि त्यातून वर जाणारा रस्ता. ट्रक मुंगीसारखे चढतात, वळणावर दिसेनासे होतात, मग बऱ्याच वेळानं अगदी वर एक ठिपका येतो. तो तोच ट्रक की दुसरा, हे शेवटपर्यंत कळत नाही. मी बघत बसलो. त्या नादात पाईप धरून ठेवणाऱ्या टोकाच्या एका पट्टीला खिळा मारायचा राहिला, पण ती तशीही घट्ट वाटते.

झाकणही आणलं. फुगेवालं प्लास्टिक, काचसामान गुंडाळतात त्याचा थोरला भाऊ. पाण्यावर छान तरंगतं.

आणि आता ऐक. पहिल्या दिवशी पंप लावला, मामा नळीच्या तोंडापाशी हात धरून उभे. पाणी आलं. जेमतेम ऊबदार. मामांचा चेहरा पडला. "हे काय? हे तर माणसाच्या अंगाएवढंसुद्धा नाही." मी म्हटलं, असंच हवं, पाणी भरपूर फिरू दे, दोन-चार दिवसांत सगळा हौद चढेल. पण ते कुठले ऐकणार. गेले पंपामागं, व्हॉल्व्हचा दांडा धरला आणि सरकवत सरकवत जवळजवळ बंद केला. धार अगदी करंगळीएवढी राहिली. थोड्या वेळानं त्या धारेला वाफ! मामांनी बोट घातलं आणि "आई गं" म्हणून काढलं. इतका आनंदी माणूस मी बघितला नाही. भाजलेलं बोट घेऊन घरभर फिरले.

"बघ," म्हणाले, "पाण्याचं असंच असतं. मोकळं सोडलं की किंमत जाते. मी अख्ख्या गावाला तीस वर्षं पाणी सोडलं, कधी कुणाला मोठी धार दिली नाही. जास्त दिलं की माणसं माजतात."

संध्याकाळी साडू आले, त्यांनाही बोट घालायला लावलं. त्यांनीही "आई गं" केलं. मग दोघं भाजलेली बोटं गार हौदात बुडवून बसले.

मामीनं आज मला दोनदा वाढलं.

भिंगरी


२९ मार्च

भिंगरी,

मांजर उतरलं, बोटं उतरली. आई उतरली का?

हो की नाही.

ताई


५ एप्रिल

ताई,

तुझं पत्र म्हणजे दात उपटणंच असतं, भूलसुद्धा न देता.

आधी तुला थोडं हवामान सांगतो. गेल्या आठवड्यात ढग होते, मग वारा होता. शेजारच्यांच्या दोरीवरची चादर उडून आमच्या झाडावर अडकली, ती काढायला मी चढलो, तर वर पोपटाचं घरटं, आणि पोपट चक्क मामांच्या आवाजात "चूक" म्हणाला. म्हणजे मला तसं वाटलं.

बरं. उतरली होती. एकदा.

मामांनी समारंभ केला. साडूंना बोलावलं, मावशीला बोलावलं. मामी दांडा धरून पायरीवर पाय ठेवत गेली. गुडघ्यापर्यंत गेली आणि थांबली. मामा काठावरून, "कसं आहे? कसं आहे?" मामीचे ओठ निळे, पण हसली. म्हणाली, "छान आहे हो." तशीच उभी राहिली थोडा वेळ, मग म्हणाली, गॅसवर दूध ठेवलंय. ताई, गॅसवर दूध नव्हतं. मी आत गेलो तर ती पलंगावर बसून गुडघा दोन्ही हातांनी चोळत होती. मला म्हणाली, "त्यांना सांगू नकोस. किती हौसेनं केलंय." त्या दिवसापासून गुडघा आधीपेक्षा आखडलाय. आता रोज काही ना काही निमित्त काढते. कधी डोकं दुखतं, कधी केस धुतलेत, कधी पाहुणे येणार.

हौद का तापत नाही ते मला माहीत आहे आणि तुलाही कळलं असेल. मामांची ती करंगळीएवढी धार. नळीत वाफ निघते, पण चमचाभर उकळतं पाणी तळ्यात ओतून तळं तापतं का? बाकीची ऊब छपरावरच वाऱ्याला जाते. आणि जी थोडी येते ती संध्याकाळी जाते. कारण दिवसभर झाकलेला हौद मामा बरोबर साडूंच्या वेळेला उघडतात. "झाकण घातलं तर दिसणार काय? प्लास्टिक?" रात्रभर तो तसाच उघडा. गुंडाळून ठेवलेल्या झाकणाचे फुगे साडू बसल्या बसल्या फोडतात. फट. फट. त्यांना फार आवडतं ते.

तापमानं नकोत म्हणालीस आणि तरी थर्मामीटर पाठवलंस, ते मिळालं. मी हौदात टाकलं. मामांनी काढलं आणि नळीच्या तोंडाला बांधलं. आता येणाऱ्याजाणाऱ्याला ते दाखवतात. पोस्टमनलासुद्धा दाखवलं.

सांगायचं म्हणशील तर सांगणार होतो. पण ते जेवताना माझ्या पाठीवर थाप मारतात, "आमचा इंजिनिअर" म्हणतात. मला आयुष्यात कोणी "आमचा" काही म्हटलेलं नाही. मग मी सांगायच्या ऐवजी भाजी मागून घेतो.

भिंगरी


६ एप्रिल

विषय: घरच्या जलतरण तलावाचे सौर तापन, प्रगतीबाबत.

चि. सौ. कन्येस,

आपले काम सुरू होऊन तीन आठवडे उलटले असून प्रगती समाधानकारक आहे. नळीच्या मुखाशी पाण्याचे तापमान इतके असते की त्यात अंडे उकडता यावे. प्रत्यक्ष उकडून पाहिले. साडूभाऊंनी खाल्ले.

सदर योजनेत माझे योगदान मुख्यतः प्रवाहनियंत्रणाचे आहे. भिंगरीला पाईप अंथरता येतो, त्याबद्दल वाद नाही. पण पाण्याचे शास्त्र वेगळे. तो म्हणतो धार मोठी सोडा. उद्या म्हणेल धरण उघडा. पाण्याला शिस्त लागते, ती मी लावली आहे.

तलावाच्या एकूण पाण्यास अद्याप अपेक्षित ऊब आलेली नाही, ही तांत्रिक बाब असून कालांतराने निवळेल.

तुझ्या आईच्या बाबतीत मात्र असे आढळते की सुविधा उपलब्ध असूनही लाभार्थी तिचा लाभ घेत नाही. हा अनुभव मला नोकरीतही वारंवार आला. माणसाला घरापर्यंत पाणी आणून द्यावे, तर तो तक्रार करतो की गढूळ आहे. मनाची तयारी लागते. तू फोनवर तिला समजाव. मी शेजारी असेनच.

तुझे
बाबा

ता. क. भाजलेल्या बोटाला काय लावावे? तू दातांची असलीस तरी डॉक्टर आहेस.


१२ एप्रिल

भिंगरी,

बाबांचं पत्र आलं. माझी आई आता लाभार्थी झाली आहे. तिचं नाव लवकरच प्रतीक्षायादीत लागेल.

रविवारी फोन केला होता. स्पीकर, खुर्ची, सगळं जागच्या जागी. बाबा म्हणाले, "सांग हिला, पाणी कसं आहे ते." आई म्हणाली, "छान आहे गं." आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "वा, बाबा!" फोन ठेवला आणि एका गृहस्थाची चांगली दाढ कोरायला घेतली होती, तेवढ्यात त्यांनी हात वर केला म्हणून वाचले. तेव्हा मी तुझ्याहून काही वेगळी नाही. आपल्या घरात एका माणसाला खूश ठेवायला बाकी सगळे गार पाण्यात उभे राहतात आणि वर छान आहे म्हणतात. हे आजचं नाही. लहानपणी ते आम्हाला अंघोळीलासुद्धा बारीक धार द्यायचे. साबण अंगावर वाळायचा.

पण मी लांब आहे. तू तिथं आहेस. तू खरं मला लिहितोस आणि खोटं त्यांच्या ताटात जेवतोस. "आमचा इंजिनिअर" म्हणे. त्यांचा इंजिनिअर असशील तर व्हॉल्व्ह उघड. त्यांच्या तोंडावर सांग, मामा, तुमच्या धारेमुळे मामीचा गुडघा जाणार आहे.

आणि मला माहीत आहे तू काय करणार आहेस. तू तो डोंगरातला रस्ता इतका रंगवून लिहिलास तेव्हाच मला कळलं. दरवाजा अर्धा निळा सोडून गेलास, त्याचं मला काही नाही. आई दरवाजा नाही.

ताई


२५ एप्रिल

ताई,

हे पत्र डोंगराच्या पलीकडून. एका छोट्या बंदरात बोटींना रंग देतोय. हसू नकोस.

सांगितलं मी. तुझं पत्र खिशात ठेवून गेलो आणि त्यांच्या तोंडावर सांगितलं. मामा पितळी नळ पुसत होते. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू किती शिकलास?" मी म्हटलं, "फार नाही." "नोकरी?" "नाही." "घर?" म्हटलं, "नाही." "म्हणजे तुझं सगळं मोकळं सोडलेलं आहे. आणि तू मला सांगणार, पाणी मोकळं सोडा."

आता इथं, बोटीखाली उताणा पडून रंग मारताना, त्याला अशी चौदा उत्तरं सुचतात की बंदरातले लोक विचारतात कोणाशी बोलतोस.

मी व्हॉल्व्हपाशी गेलो. खरंच गेलो. ते आधीच तिथं उभे होते, हात पसरून, माझ्या वाटेत. ताई, सत्तरीला आलेला माणूस एका नळाच्या चावीसाठी असा उभा होता जणू मागं तिजोरी आहे. मी त्यांना ढकलायचं का? माझ्याच्यानं झालं नाही. पिशवी उचलली.

मामी फाटकापर्यंत आली. काठी टेकत, पाय ओढत. भाकरी-बिकरी काही नाही, हातात माझे धुतलेले मोजे होते. म्हणाली, "ओले आहेत अजून. तुझ्या मामांच्या नळीवर वाळत घातले असते तर तेवढा तरी उपयोग झाला असता." तिच्या तोंडून त्यांच्याविरुद्ध मी हे पहिलं वाक्य ऐकलं. मी हसलो. ती नाही हसली.

तू म्हणालीस तसंच झालं. अर्धा निळा.

माझा पत्ता पाठीमागं आहे. मामीला लिहिलंस तर दे.

भिंगरी


१७ मे

चिरंजीव भिंगरी,

पत्ता ताईनं कळवला. तुझे मोजे वाळले का? इथं बरंच काही घडलं आहे, आणि तुझे मामा ते वेगळं सांगतील, म्हणून आधी मी सांगते.

तू गेलास त्याला आठवडा झाला असेल. संध्याकाळी भावोजी आले, बरोबर माझी बहीणही. खुर्च्या टाकल्या, दिवा लावला, झाकण गुंडाळलं. भावोजींची फट फट सुरू झाली. तुझे मामा त्यांना थर्मामीटर दाखवत होते. ते तर त्या बिचाऱ्यांना पाठ झालं होतं. मी आत ओट्यापाशी उभी होते. गुडघ्यात अशी कळ आली की मी ओटा धरला. आणि बाहेरून ह्यांचा आवाज, "उकळतं हो, अक्षरशः उकळतं!"

का कुणास ठाऊक, एवढी वर्षं जे जमलं नाही ते त्या क्षणी अगदी सोपं वाटलं. मी भांडले नाही. मी चहाचा ट्रे शेजारणीच्या मुलीच्या हाती देऊन तिच्या मागून बाहेर गेले आणि म्हटलं, "भावोजी, एवढं उकळतं पाणी, आणि तुम्ही नुसतं बोट काय बुडवता? उतरा की. ह्यांची किती इच्छा आहे."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ह्यांच्याकडे बघितलं. आता नको कसं म्हणणार? आणि भावोजी तरी नको कसं म्हणणार? लिफ्टवाल्या माणसानं घाबरून कसं चालेल? माझी बहीण तर म्हणाली, "उतरा हो, तसेही आज अंघोळ न करता आलात." ह्यांचा जुना पायजमा दिला. भावोजी शिडीकडे पाठ करून, तोंडभर हसत, एकदम गळ्यापर्यंत गेले.

भिंगरी, मी सिनेमात माणसं मरताना बघितली आहेत. पण असा आवाज ऐकला नव्हता. आधी आवाजच आला नाही, नुसतं तोंड उघडं. मग जे ओरडले त्यानं शेजारची मांजर पाईपवरून खाली आली. शिडी सापडेना. काठ धरून वर यायला गेले, पायजमा खाली राहिला. तुझे मामा म्हणत होते, "सवयीचा प्रश्न आहे, साडूभाऊ, सवयीचा!" मी टॉवेल दिला. भावोजींचे दात वाजत होते, तसेच वाजत वाजत म्हणाले, "अहो, ह्या पाण्यात... तुम्ही हिला... उतरवलंत? गुडघ्याच्या ऑपरेशननंतर?"

एवढंच. जे तू सांगितलंस, ते साडूंनी सांगितल्यावर खरं ठरलं. तुझं शिक्षण कमी पडलं म्हणून नाही रे. तुला कोणी खुर्ची टाकत नव्हतं, एवढंच.

हे भावोजींना घेऊन आत गेले, कोरडे कपडे शोधायला. मी बाहेर एकटी. पंपाच्या मागं जायचं तर वाकायला लागतं आणि माझा गुडघा वाकत नाही. मग मी भावोजींची खुर्ची ओढली, तिच्यावर बसले, काठीची मूठ व्हॉल्व्हच्या दांड्यात अडकवली आणि ओढली. घट्ट होता. पुन्हा ओढली. काय धार आली म्हणून सांगू! नळी उड्या मारायला लागली. थर्मामीटर सुटून हौदात पडलं, तुझ्या फोनशेजारी. मग झाकणाचं टोक धरून काठीनंच ते पाण्यावर पसरलं. वेडंवाकडं झालं, पण झालं.

हे बाहेर आले तेव्हा मी तशीच खुर्चीवर बसून होते. ह्यांनी धारेकडे बघितलं. मी म्हटलं, "हात लावलात तर मी माहेरी नाही जायची, इथंच राहीन आणि रोज भावोजींना पोहायला बोलवीन."

नाही लावला.

चौथ्या दिवशी पाणी ऊबदार लागायला लागलं. आठवड्यानं मी उतरले. दूध गॅसवर नव्हतं, केस धुतले नव्हते, कोणी पाहुणे येणार नव्हते. छातीपर्यंत गेले आणि एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत चालले, मग परत. पाण्यात पायाला वजनच नसतं रे. रडू आलं, पण पाण्यात ते कोणाला कळत नाही, ही एक सोय आहे. आता रोज दुपारी जाते. व्यायामवाल्या बाई परवा बघून गेल्या, म्हणाल्या गुडघा वळतोय. त्या टेबलाचं नाव काढलं नाही त्यांनी.

भावोजी संध्याकाळी येतात अजून. दोघं झाकणाकडे बघत बसतात. फुगे फोडायला मी बंदी केली आहे.

तुझे मामा आता सगळ्यांना सांगतात की धार मोठी ठेवावी लागते, हा त्यांचा शोध आहे. "कमी धारेचे प्रयोग मी मुद्दाम करून पाहिले," म्हणतात, "चूक सिद्ध करायला." पोस्टमननं मान डोलावली. मीही डोलावते. तेवढं चालतं. पण परवा पितळी नळ पुसताना थांबले आणि म्हणाले, "तो कार्टा मोकळाच बरा होता का गं?" मी पुसू दिलं त्यांना.

एक काम आहे. छपराच्या टोकाची एक पट्टी वाऱ्यानं सुटली आहे, पाईप लोंबतोय. तू म्हणे तिला खिळा मारायचा विसरलास. ह्यांना शिडीवर चढू द्यायचं नाही असं मी ठरवलंय, आणि दुसरा माणूस बोलवायचा नाही असंही. तेव्हा बोटींना रंग देऊन झाला की ये. अर्धी सोडून आलास तरी ये.

हे पत्र टाकायला मीच चालले आहे. हे म्हणाले, "दे, मी टाकतो." म्हटलं, राहू द्या. ते फाटकापाशी उभे राहतील आणि तिथून "सावकाश, सावकाश" ओरडतील, ओरडू देत. काठी घरी ठेवते आहे.

पत्र तुझ्या हातात पडलं, तर समज, मी पोचले.

तुझी
मामी